वेगचाचणीच्या मैदानावर रेसिंग मोटरसायकल टोचन करण्याच्या पद्धती

मीठवाट (धागाकर्ता)

ऑगस्टमध्ये युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर भरणाऱ्या स्पीड वीकसाठी मी एका संघाचा मदतनीस म्हणून जाणार आहे. मोटरसायकल तयार करण्याचे काम जाणत्या हातांत आहे. माझ्याकडे आलेली जबाबदारी दिसायला साधी, पण दिवसभर पुरणारी आहे: गाडी पिटमधून, म्हणजे संघाच्या तळावरून, सुरुवातीच्या रेषेवर नेणे आणि धाव संपल्यावर ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून परत आणणे.

ज्यांनी अशी स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी भारित करणारे जनित्र) वजन व घर्षण वाचवण्यासाठी काढलेला आहे, त्यामुळे प्रज्वलन आणि इंधनपंप दोन्ही बॅटरीतल्या साठ्यावरच चालतात. रेडिएटरच्या जागी बर्फाच्या पाण्याची टाकी आहे. गिअरिंग इतके लांब आहे की पहिल्या गिअरमध्ये संथ चालवायचे म्हटले तर क्लच सतत घासत ठेवावा लागतो. साइडस्टँडही नाही. अशी गाडी स्वतःच्या इंजिनावर पाच-सहा मैल परत चालवत आणणे म्हणजे पुढच्या धावेची बॅटरी, क्लच आणि थंडावा आधीच खर्च करणे होय. म्हणून टोचन अटळ आहे.

गाडीचे वजन सुमारे २२० किलो आहे, फेअरिंग (हवा कापणारे बाहेरचे कवच) अर्धे आहे आणि ओढायला एक पिकअप आहे. पट्ट्याने ओढावी, ट्रेलरवर चढवावी, पिकअपच्या मागच्या हुकवर बसणारा कॅरिअर घ्यावा, की पुढचे चाक उचलून धरणारा पाळणा वापरावा? प्रत्येक पद्धतीचे समर्थक भेटले, पण कारणे मात्र कोणी नीट सांगितली नाहीत. ती येथे मिळावीत अशी अपेक्षा आहे.

आडवादोर

पट्ट्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत निष्काळजीपणे वापरली जाणारी पद्धत तीच आहे.

पट्टा गाडीला कुठे लावायचा हा खरा प्रश्न आहे. पिटमध्ये बहुतेक वेळा पट्ट्याचे टोक हँडलच्या मुठीभोवती गुंडाळून हाताने धरलेले दिसते. यात दोन दोष आहेत. पहिला, ओढ हँडलच्या टोकाला बसते. गाडी आणि चालक मिळून ३०० किलो धरले आणि टणक मिठावर चाक लोळत राहण्यासाठी वजनाच्या दोन-तीन टक्के ओढ लागते असे मानले, तर सहा ते नऊ किलोचा भार सतत हँडल एका बाजूला वळवू पाहतो. हा भार हाताने पेलता येतो. पण पट्टा सैल पडून पुन्हा ताणला जातो तेव्हा बसणारा झटका याच्या कितीतरी पट असतो, आणि तो थेट स्टिअरिंगवर येतो. दुसरा दोष असा की एक हात अडकतो. डावा हात अडकला तर क्लच गेला, उजवा अडकला तर पुढचा ब्रेक गेला.

त्यापेक्षा डाव्या फूटरेस्टभोवती पट्ट्याचा एक वेढा घ्यावा आणि मोकळे टोक बुटाखाली दाबून धरावे. ओढ खाली, गुरुत्वमध्याच्या जवळ आणि सांगाड्यावर बसते, स्टिअरिंगवर बसत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहतो. पाय उचलला की वेढा आपोआप सुटतो. हे सुटणे हाच या पद्धतीचा प्राण आहे. त्यामुळे चालकाकडच्या टोकाला गाठ, कडी, हुक किंवा शिवलेला फास यांपैकी काहीही असता कामा नये. फास असला की तो फूटरेस्टच्या टोकात अडकतो, आणि नेमक्या त्या क्षणी पाय उचलून उपयोग होत नाही.

डाव्या पायाखालीच गिअरचा दांडा असतो, हेही ध्यानात ठेवावे. ओढताना चुकून गिअर पडला तर मागचे चाक जखडू शकते. प्रज्वलन बंद असावे, गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची चाक फिरवून खात्री करावी आणि तरीही दोन बोटे क्लचवर ठेवावीत.

पट्टा नायलॉनचा नको. नायलॉन बराच ताणला जातो आणि सुटल्यावर तितक्याच जोराने मागे येतो. पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा कमी ताणला जातो. लांबी पाच-सहा मीटर असावी. याहून आखूड घेतला तर पिकअप थांबल्यावर चालकाला वेळ मिळत नाही, आणि फार लांब घेतला तर वळणावर पट्टा जमिनीला टेकतो. मध्यभागी भडक रंगाची चिंधी बांधावी, म्हणजे पट्टा सैल पडल्याचे दोन्ही बाजूंना दिसते आणि मधून पायी जाणाऱ्यालाही तो लक्षात येतो.

परतवाट

वरील प्रतिसादातील प्रत्येक सूचना योग्य आहे, तरीही धाव संपल्यानंतरच्या परतीसाठी पट्टा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॉनव्हिलचा लांब मार्ग पाच मैलांचा असतो आणि त्यापुढे थांबण्यासाठी मोकळी जागा असते. म्हणजे परतीचे अंतर सहज आठ किलोमीटरांच्या वर जाते. पट्ट्याने ताशी २५ किलोमीटरांहून अधिक वेग ठेवणे मला मान्य नाही, आणि त्या वेगाने आठ किलोमीटरांना जवळपास २० मिनिटे लागतात. ज्या माणसाने नुकतीच आयुष्यातील सर्वांत वेगवान धाव संपवली आहे, जो भर उन्हात चामड्याच्या जाड पोशाखात आणि हेल्मेटमध्ये आहे, त्याच्याकडून आणखी २० मिनिटे पट्ट्यावर अखंड लक्ष ठेवण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. धावेनंतर अंगातले अवसान ओसरते आणि हात थरथरतात. त्या अवस्थेत त्याला सावलीत बसवून पाणी द्यायचे असते.

म्हणून परतीसाठी ट्रेलर. पुढच्या चाकासाठी आपोआप पकडणारा चॉक (चाक उभे धरणारी खाच) बसवलेला लहान, बुटका, रुंद टायरांचा ट्रेलर असेल तर दोन माणसे काही मिनिटांत गाडी चढवून बांधतात.

चढणीच्या फळीचा हिशेब मात्र घरूनच करून निघावे. वेगाच्या गाड्या लांब आणि जमिनीला लागून असतात. चाकांमधील अंतर १.८ मीटर आणि पोटाखालची जागा सात सेंटिमीटर असेल, तर फळी आणि ट्रेलरचा पाट यांच्यातला कोन सुमारे नऊ अंशांच्या वर गेल्यास पोट कडेवर टेकते. पाट जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असेल तर पावणेदोन मीटरांची फळी दहा अंशांचा कोन करते, म्हणजे गाडी अडकते. सव्वादोन मीटरांची फळी आठ अंशांच्या आत राहते. अर्धा मीटर जादा लाकडाने हा प्रश्न सुटतो, पण मिठाच्या मैदानाच्या मध्यावर ते लाकूड मिळत नाही.

बांधताना पट्टे क्लिप-ऑन हँडलांना, म्हणजे फोर्कच्या नळ्यांवर आवळलेल्या सुट्या हँडलांना, लावू नयेत. ती फोर्कवर फिरतात. फोर्कच्या खालच्या योकला (दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या तुकड्याला) मऊ फास घालून त्यातून रॅचेट पट्टे (दातेरी कळीने आवळायचे पट्टे) पुढे आणि खाली साधारण ४५ अंशांत ओढावेत. फोर्क अर्धा दबला की पुरे. पूर्ण दाबला तर सील दुखावतात, आणि खड्ड्यात ट्रेलर आपटल्यावर धक्का थेट सांगाड्यावर जातो.

चिकणमाती

अंतर हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मैदानानुसार बदलतो. कॅलिफोर्नियातील एल मिराज या कोरड्या तळ्यावर मार्ग १.३ मैलांचाच आहे. तेथे पट्टा किंवा छोटी क्वाड बाइक (चार चाकांची मोटरसायकल) पुरते, आणि प्रत्येक वेळी ट्रेलरवर चढवण्या-उतरवण्यात जास्त वेळ जातो. तिथली अडचण वेगळी आहे. जमीन मिठाची नसून बारीक मातीची आहे, आणि पट्ट्याने ओढल्या जाणाऱ्या गाडीचा चालक सतत धुळीच्या लोटात राहतो. हवेच्या तोंडावर बोळा असल्याशिवाय तेथे गाडी ओढू नये, अगदी इंजिन बंद असले तरीही.

क्वाडबद्दल एक सावधगिरी. क्वाडचे वजन बहुधा गाडी आणि चालक यांच्या एकत्रित वजनाइतकेच किंवा त्याहून कमी असते. ओढताना हे जाणवत नाही, पण क्वाड वळत असताना मागच्याने जोरात ब्रेक लावला तर क्वाडचा मागचा भाग आडवा खेचला जातो. सरळ रेषेत आणि चालण्याच्या वेगापेक्षा थोड्याच जास्त वेगाने ओढावे.

आडवादोर

@परतवाट, चालकाच्या थकव्याचा मुद्दा मान्य आहे. मात्र परतीसाठी पट्टा वापरायचाच असेल, तर गाडीवर धाव घेतलेला चालक बसू नये. दुसरा ताजा मदतनीस, पूर्ण पोशाख आणि हेल्मेटसह, पिकअपमधून आलेला असावा. धाव घेतलेला माणूस पिकअपमध्ये बसून येतो. अनेक संघांना हे सुचत नाही, कारण गाडीवर तिचाच चालक असावा असे सगळ्यांना वाटत राहते.

खोगीर

कॅरिअर आणि पाळणा यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दोन्ही मैदानावर मोहक वाटतात, कारण ट्रेलर ओढत फिरावे लागत नाही आणि पिकअप मागे घेणे सोपे जाते.

हुकवर बसणारा कॅरिअर संपूर्ण गाडी पिकअपच्या मागे आडवी टांगतो. येथे हिशेब तरफेचा आहे. गाडी २२० किलो आणि कॅरिअर ४० किलो, असे २६० किलो वजन मागच्या आसापासून दीड मीटर मागे लटकले आणि पिकअपच्या दोन आसांमधील अंतर तीन मीटर असेल, तर पुढच्या आसावरून १३० किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर ३९० किलो वाढतात. हुकवर उभे किती वजन चालते हा आकडा, वाहन किती ओढू शकते या आकड्यापेक्षा फार लहान असतो, आणि अनेक जण दुसरा आकडा वाचून समाधान मानतात. खडबडीत मिठावर वाहन उसळते तेव्हा हेच वजन क्षणभर कितीतरी वाढते. हलक्या, लहान इंजिनाच्या गाड्यांसाठी कॅरिअर उत्तम आहे. धागाकर्त्यांच्या गाडीसाठी मी तो सुचवणार नाही.

पाळणा, म्हणजे पुढचे चाक उचलून धरणारी चौकट, रस्त्यावरच्या गाडीसाठी चांगला चालतो, पण वेगाच्या गाडीसाठी त्यात एक सापळा आहे. साध्या पाळण्यात पुढचे चाक पिकअपला घट्ट बांधलेले असते, आणि वळणावर गाडीचा बाकी देह स्टिअरिंगच्या खांबाभोवती वळतो. वेगाच्या गाड्यांत स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा भाग) कडक असतो आणि स्टिअरिंग फार वळू नये म्हणून अटकाव बसवलेले असतात. पिटमधले एखादे तीव्र वळण आले की स्टिअरिंग अटकावाला टेकते आणि उरलेले वळण चौकट, फोर्क किंवा अटकाव यांपैकी जे कमजोर असेल ते वाकवून पूर्ण होते. पाळण्याला स्वतःचा उभा कणा, ज्याभोवती तो मोकळा फिरेल, असा असेल तरच तो वापरावा.

शिवाय मागचे चाक फिरत राहते. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद असताना गिअरपेटीचा बाहेरचा दांडा चाकाबरोबर फिरतो, पण इंजिन फिरत नसल्याने तेल मात्र नेहमीसारखे पोहोचत नाही. संथपणे एखादा किलोमीटर जायचे असेल तर काळजी नाही. दिवसभर असेच ओढायचे असेल तर चेन काढावी. चेनची क्लिप परत बसवताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला असावी, हे घाईत विसरले जाते.

मीठवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पाळण्याचा विचार सोडला. आमच्या गाडीचे अटकाव खरोखरच अरुंद आहेत. एक उपप्रश्न. याच मैदानावर संघाला पुढे आंतरराष्ट्रीय विक्रमाचा प्रयत्नही करायचा आहे. त्यासाठी टोचनाची व्यवस्था बदलावी लागते का?

परतवाट

हो, आणि बराच फरक पडतो.

स्पीड वीकमध्ये विक्रमापेक्षा जास्त वेग नोंदला गेला की गाडी सरळ इम्पाउंडमध्ये, म्हणजे आयोजकांच्या देखरेखीतल्या राखीव जागेत, न्यावी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी धाव होते; दोन्ही धावांच्या सरासरीवर विक्रम ठरतो. म्हणजे परतीची घाई नसते, पण वाट ठरलेली असते. पिटमध्ये वळून काहीतरी दुरुस्त करून मग इम्पाउंडकडे जाणे चालत नाही, हे ओढणाऱ्याला पक्के माहीत असले पाहिजे.

एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या जागतिक विक्रमासाठी दोन धावा परस्परविरुद्ध दिशांनी आणि दोन तासांच्या आत पूर्ण कराव्या लागतात. येथे गाडी परत आणायचीच नसते. ती दुसऱ्या टोकालाच वळवून तयार करायची असते. त्या दोन तासांत इंजिन निववणे, बर्फ आणि इंधन भरणे, बॅटरी बदलणे, टायर पाहणे आणि विरुद्ध दिशेच्या सुरुवातीच्या रेषेवर नेणे, एवढे सगळे बसवायचे असते. त्यामुळे सामानासह दुसरे वाहन आधीच त्या टोकाला उभे हवे. तेथे थांबलेल्या जागेपासून नव्या सुरुवातीपर्यंतचे अंतर थोडे असते, आणि नेमक्या याच ठिकाणी मी पट्ट्याला ट्रेलरपेक्षा वरचे स्थान देईन. बांधणे-सोडणे नाही, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजू हातांना मोकळ्या राहतात.

लांबपल्ला

या चर्चेत स्ट्रीमलाइनरचा उल्लेख हवा, कारण तेथे टोचन हा धावेचाच भाग असतो.

पूर्ण बंद कवचाच्या दुचाकीत चालक आत झोपलेला असतो आणि त्याला पाय जमिनीला टेकवता येत नाहीत. थांबलेली गाडी दोन्ही बाजूंच्या स्किडवर, म्हणजे खाली येणाऱ्या आधारांवर, तोललेली असते. २०१० साली रॉकी रॉबिन्सन यांनी ‘अ‍ॅक अटॅक’ ही याच प्रकारची दुचाकी बॉनव्हिलवर ताशी ३७६.३६३ मैल, म्हणजे ६०५ किलोमीटरांहून अधिक सरासरीने चालवली. अशा गाड्यांचे गिअरिंग इतके लांब असते की काही संघ गाडीला दोर लावून ती आपला तोल आपण सांभाळील इतक्या वेगापर्यंत ओढतात. मग चालक आतून दोर सोडतो, स्किड वर घेतो आणि इंजिनाचा जोर लावतो. सोडण्याची ही यंत्रणा चालकाच्या हातात असावी, ओढणाऱ्याच्या नव्हे, कारण तोल आला की नाही हे फक्त आतल्या माणसाला कळते. दोर सुटताच ओढणाऱ्या वाहनाने आधी ठरलेल्या एकाच बाजूला वळून मार्ग मोकळा करायचा असतो. त्या क्षणी कोणत्या बाजूला जायचे याचा विचार करण्याची वेळ येऊ नये.

पिटमध्ये मात्र स्ट्रीमलाइनरला तिच्या चाकांवर ओढण्याचा हट्ट धरू नये. स्टिअरिंग अगदी थोडे अंश वळते, त्यामुळे वळणाची त्रिज्या अवाढव्य असते. पुढच्या भागाखाली फिरत्या चाकांची बुटकी ढकलगाडी सरकवून तिच्या दांड्याने ओढावे. येथे मऊ पट्टा नको, ताठ दांडाच हवा, कारण गाडीच्या आत ब्रेक लावायला कोणी नसते.

तिसरेचाक

साइडकार असलेल्यांसाठी एक वाक्य. पट्टा मोटरसायकलच्या फूटरेस्टला लावला तर साइडकारच्या चाकाच्या ओढीमुळे संपूर्ण जोडणी त्या बाजूला वळत राहते, म्हणून सांगाड्याच्या पुढच्या आडव्या नळीवर, दोन्ही चाकांच्या रेषांच्या मधे पण मोटरसायकलच्या बाजूला झुकलेला बिंदू निवडावा आणि तेथे चालकाला हाताने ओढून सोडता येईल अशी कळ बसवावी.

आडवादोर

पिकअप चालवणाऱ्याबद्दल अजून कोणी बोलले नाही. माझ्या मते सारी सुरक्षितता तेथून सुरू होते.

पिकअपमध्ये दोन माणसे हवीत. एक पुढे पाहून चालवतो, दुसरा मागे तोंड करून फक्त मोटरसायकलकडे पाहतो आणि मधे दुसरे काहीही करत नाही. निघण्याआधी पट्टा ताणला जाईपर्यंत पिकअप अक्षरशः सरपटत पुढे घ्यावी. पट्टा जमिनीवरून उठला आणि मागच्याने मान डोलावली की मगच वेग धरावा. पिकअपने जोरात ब्रेक लावायचा नाही. पाय काढून घ्यायचा आणि वाहन आपोआप मंद होऊ द्यायचे. मागच्याने मागचा ब्रेक हलकेच धरून पट्टा कायम ताणलेला ठेवायचा. पट्टा सैल पडून पुढच्या चाकाखाली गेला तर काय होते हे कोणालाही पाहावे लागू नये.

वळणे रुंद घ्यावीत. ओढली जाणारी गाडी नेहमी आतून कापत येते आणि पट्टा पुढच्या चाकाला घासू लागतो. मागच्याने पिकअपच्या चाकोरीच्या बाहेरच्या बाजूने राहावे.

इशारे तीनच असावेत. हात वर म्हणजे मंद, हात आडवा म्हणजे थांबतो आहोत, आणि पट्टा सुटलेला दिसला की कोणताही इशारा नसला तरी थांबणे. मागच्याने पट्टा का सोडला हे विचारण्याची गरज नाही. त्याला तो अधिकार बिनशर्त आहे.

खोगीर

शेवटी मिठाबद्दल. पिकअपची मागची चाके ओले मीठ मागे फेकतात आणि पट्ट्यावरची गाडी नेमकी त्याच्या माऱ्यात असते. हवेचे तोंड आणि सायलेन्सर या दोन्हींना बोळे घालावेत आणि प्रत्येक बोळ्याला लांब लाल फीत लावावी, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर तो राहून जाणार नाही. पिकअपला मागे रुंद रबरी मडफ्लॅप लावल्यास मारा बराच कमी होतो. ट्रेलरवरून उतरवायचे असेल तेथे गाडीच्या सुट्या स्टँडखाली ठेवायला प्लायवूडचा तुकडा असावा. कडक दिसणाऱ्या मिठातही स्टँड रुतते.

रात्री मुक्कामी पोहोचल्यावर गाडीइतकाच ट्रेलरही गोड्या पाण्याने धुवावा. बेअरिंग, हुकचा गोळा, रॅचेटचे दाते, दिव्यांच्या तारांचे जोड यांत मीठ बसते आणि हवेतली ओल शोषत राहते. रॅचेटचे दाते गंजून अडकलेले पट्टे तेथेच बाजूला काढावेत, दुसऱ्या दिवशी चालवून घेऊ म्हणून ठेवू नयेत.

मीठवाट (धागाकर्ता)

ठरवले ते सांगतो. पिटपासून रांगेपर्यंत आणि धावेनंतरच्या परतीसाठी चॉक बसवलेला बुटका ट्रेलर, सव्वादोन मीटरांच्या फळीसह. रांगेत गाडी ट्रेलरवरच सावलीत ठेवू आणि रेषेजवळ उतरवू. विक्रमाच्या प्रयत्नात दुसऱ्या टोकाला दुसरे वाहन आणि पॉलिएस्टरचा पट्टा, डाव्या फूटरेस्टवर. त्या दिवशी गाडीवर बसणारा मदतनीस निश्चित झाला आहे, आणि त्याच्यासोबत निघण्यापूर्वी मोकळ्या मैदानात वेढा घेण्याचा व सोडण्याचा सराव करणार आहोत. पट्टा घेताना रुंदी किती असावी, २५ मिलिमीटर की ५०?

आडवादोर

२५. ५० मिलिमीटरांचा पट्टा फूटरेस्टवर घड्या घालून बसतो आणि पाय उचलल्यावर पटकन सुटत नाही.